बहिणीच्या लग्नात मी मामा झाले

साडी मी आयुष्यात एकदाच नेसले, कॉलेजच्या साडी डेला. सकाळी नेसले आणि दुपारच्या आत ती साडी कॉलेजच्या फाटकावर झेंड्यासारखी फडकत होती. मी मैत्रिणीच्या भावाच्या ट्रॅकपँटमध्ये सुखाने भजी खात होते. जरीचा काठ कमरेला लागला की मला असं वाटतं, जालन्याच्या भट्टीतली लालबुंद सळई कुणीतरी माझ्याभोवती निवांत गुंडाळून राह्यलंय. लोकांना वाटायचं नखरे करते. मलाही तसंच वाटायचं.

मग तिशी उलटल्यावर संभाजीनगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुम्हाला ऑटिझम आहे. पोरींच्या बाबतीत लवकर ध्यानात येत नाही म्हणाल्या, कारण पोरी बाकीच्यांचं बघून बघून तसं वागायला शिकतात. हे मात्र अगदी खरं. बायकांसारखं वागावं कसं याचा मी इतका अभ्यास केला होता की तेवढ्यात कलेक्टर झाले असते. मान किती वाकडी करायची, 'अय्या' कुठल्या सुरात म्हणायचं, सगळं आरशासमोर घोटून घोटून पाठ केलं. फक्त कुठे म्हणायचं ते राहून गेलं. शेजारच्या आजोबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवणार, तेवढ्यात मी जोरात म्हणाले, "अय्या!" कावळा न शिवताच उडाला. तो पुन्हा यावा म्हणून त्या लोकांनी आजोबांच्या नावाने काय काय कबूल केलं ते विचारू नका. चारधाम यात्रासुद्धा त्यात होती म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं बराबर हाय. पण साडी कव्हा नेसंल?"

बाई हसल्या. आई हसली नाही. तिला उत्तर पाहिजे होतं, कारण धाकटीचं लग्न ठरलं होतं आणि करवली मी होते.

करवली म्हणजे नवरीच्या मागे उभी राहणारी बहीण. हातात कलश, अंगावर जरीची साडी, कोपरापर्यंत बांगड्या आणि चेहऱ्यावर न उतरणारं हसू. यातलं कलश सोडून मला काही जमणार नव्हतं. पण धाकटीने हट्टच धरला होता. लहानपणापासून गर्दीत ती माझा अंगठा धरून चालते. अख्खं खानदान समजतं, ती मला सांभाळते. खरी गोष्ट अशी की गर्दीचं भ्या तिलाच वाटतं. मला फक्त गर्दीचा आवाज कानाला लागतो.

"आक्का, तू मागं उभी न्हाई राह्यली तर मी बोहल्यावरून खाली उतरीन," ती म्हणाली.

"उभी राहीन की. सुती कुर्ता-पायजम्यात."

"लोक काय म्हणतील?" हे आईचं. "साडी नेसली तर करवली. न्हाई नेसली तर गुपचूप मागं बसायचं."

लग्नाच्या दिवसापर्यंत कुणीच हटलं नाही. बदनापूर रोडवरच्या मंगल कार्यालयात मी कुर्ता-पायजम्यातच उतरले. आईने माझ्याकडे असं पाहिलं की कुर्त्याची इस्त्री आपोआप झाली. मी दाराशीच उभी राहिले. वडील तिथे पाहुण्यांचं टॉवेल-टोपी देऊन स्वागत करत होते.

आता टॉवेल-टोपीचा कायदा ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. लग्नकार्यात पुरुषमाणसाला मान म्हणून टॉवेल आणि टोपी देतात. तो टॉवेल अंग पुसायचा नसतो. त्याची घडी मोडायची नसते. घरी नेऊन पेटीत ठेवायचा आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचा. असे टॉवेल आमच्या जिल्ह्यात एसटीपेक्षा जास्त फिरतात. सगळ्यांना ठाऊक असतं, आणि बोलत कुणीच नाही.

तेवढ्यात मामा आले. आईचा एकुलता एक भाऊ. मंठ्याकडे शेती, मिशा भरघोस आणि आवाज असा की त्यांनी मंठ्यात खाकरलं की बदनापूरचा गेटमन रेल्वेचं फाटक पाडून मोकळा होतो. वडिलांनी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला. मामांनी हात फिरवला आणि खूश होऊन गरजले, "वा! दाजींनी टॉवेल मातर कडक घेतला. असला माल आता मिळत न्हाई!"

मी जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानात माल तपासायचं काम करते. कापड एकदा बोटांतून गेलं की मी ते विसरत नाही. हात आपोआप टॉवेलच्या काठाकडे गेला.

"बराबर हाय मामा, आता मिळत न्हाई," मी म्हणाले. "हा आमच्या वास्तुशांतीचा हाय. तुम्हीच दिल्ता. हे बघा, हिरवा दोरा तुटलेला, आन् हा हळदीचा डाग."

बँडवाल्याने फुंकर तोंडातच ठेवली.

"म्हंजी," मामा म्हणाले, "माझाच टॉवेल माझ्याच खांद्यावर?"

"हो!" मामांना ते कळल्याचा मला आनंद झाला होता.

"मी चाललो!"

रुसलेला मामा चाललो म्हणतो, पण जात कधीच नाही. सगळ्यांना दिसेल अशी जागा शोधून तिथे बसतो. मामा आपल्या टेम्पोत जाऊन बसले, मंडपाकडे तोंड करून. काच वर.

आईने मला दंडाला धरून सामानाच्या खोलीत नेलं. "इथं बस. तांदळाचं पोतं बसतंय ना, तसं बस. पोतं बोलत न्हाई."

खोलीत रुखवत होतं, नारळ होते आणि मामांसाठी बांधून ठेवलेला गुलाबी फेटा होता. बाहेर डीजे सुरू झाला. तो असा दणका की रुखवतातले लाडू परातीतून उतरून दाराकडे चालायला लागले. माझं डोकं फुटायच्या बेताला आलं. कानावर काहीतरी दाबून धरावं म्हणून मी तो फेटा उचलला आणि थेट कानांखाली ओढला.

काय सांगू! सुती कापड, मऊ, आणि चहूबाजूंनी बरोब्बर आवळलेलं. डीजे एकदम शेजारच्या तालुक्यात गेला. जन्मात पहिल्यांदा माझं डोकं जागेवर बसलं. एवढी वर्षं हे सुख एकटे पुरुष भोगून राह्यलेत आणि वर चेहरा असा करतात की फार मोठा भार वाहतोय!

बाहेर लाऊडस्पीकरवाला ओरडत होता, "मुहूर्त जवळ आलेला आहे, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मंडपात यावं!" टेम्पोपाशी निम्मा गाव हात जोडून उभा होता. मामा काच बोटभर खाली करायचे, "मला टॉवेल न्हाई, मान पाहिजे," म्हणायचे आणि काच पुन्हा वर.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. धाकटी. मुंडावळ्या, पिवळी साडी आणि पांढराफटक चेहरा.

"आक्का, चल. तू मामा हो."

"मामा पुरुष असतो."

"कुठं लिवलंय?"

मी खरंच विचार केला. नियम म्हटला की मी जन्मभर पाळते, फक्त तो कुणीतरी मला स्पष्ट सांगावा लागतो. जरीची साडी करवलीला लागते, हे आईने हजारदा सांगितलं होतं. मामा बाई नको, असं आजवर एकानेही सांगितलं नव्हतं. मामाला लागतो फेटा आणि मुलीचा हात. फेटा डोक्यावर होताच. तिने माझा अंगठा धरला.

आम्ही मंडपात शिरलो तेव्हा लाऊडस्पीकरवाला तोंड उघडं ठेवून थांबला. मग त्याने घड्याळ पाहिलं, मला पाहिलं आणि पोटापाण्याचा विचार करून ठणकावलं, "मुलीचे मामा आलेले आहेत! भटजी, होऊ द्या सुरू!"

नवरदेवाकडची एक आत्याबाई आईच्या कानाशी लागली. "अवं, ह्या मामाला मिशा न्हाईत?"

आईने माझ्याकडे पाहिलं. फेटा, कुर्ता-पायजमा, आणि माझा अंगठा घट्ट धरून उभी असलेली तिची धाकटी, जिच्या गालावर आता कुठे रंग आला होता. मग ती आत्याबाईंना म्हणाली, "मामाचं काम मिशीनं व्हत न्हाई. तुम्ही अक्षता धरा."

हे सगळं टेम्पोतून दिसत होतं. आपला फेटा आपल्याला सोडून बोहल्यावर चढला हे पाहताच मामांनी टेम्पोतून जी उडी मारली, ती हँडब्रेक न लावता. टेम्पो गडगडत पाण्याच्या टाकीला जाऊन टेकला. मामा धापा टाकत बोहल्याशी आले.

"पोरी, फेटा दे."

"काढला की आवाज लागंल मामा."

"मंग मी काय उघड्या डोक्यानं उभा राहू?"

"उभं राहा ना मामा," धाकटी म्हणाली. "दोन मामा. कुणाला व्हते दोन?"

मामांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मंगलाष्टक सुरू झालं. बोडकं राहायचं नव्हतं, म्हणून शेवटी खांद्यावरचा तोच टॉवेल त्यांनी उलगडला आणि डोक्याला गुंडाळला. किती वर्षांची ती घडी मोडली! कडाकड आवाज झाला. मला तर फेट्यातूनही ऐकू आला.

जेवणं झाल्यावर मामा माझ्याकडे आले. डोक्याचा टॉवेल सोडला आणि माझ्या खांद्यावर टाकला.

"घे. मान मामाचा असतो."

"फेटा?"

"तो बी ठेव. माझ्यापेक्षा तुलाच बसतोय."

आई लगेच हात पुढे करून आली. टॉवेल पुन्हा घडी करून पेटीत टाकायचा तिचा विचार होता. पुढच्याच महिन्यात परतूरला लग्न होतं. मी दिला नाही. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ केली आणि त्या टॉवेलने खसाखसा अंग पुसलं. बिचाऱ्याने जन्मात पहिल्यांदा पाणी पाहिलं असेल. पहिल्या धुण्यात त्याच्या काठाचा सगळा हिरवा रंग बादलीत उतरला, पण हळदीचा डाग मात्र अजून तस्साच आहे.