बिजलीने सुपारीकडे पाठ का फिरवली?

पोटभर जेवलेला पाळीव प्राणी एखाद्या निर्जीव वस्तूवर अचानक तुटून पडतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. भूक नाही, शत्रू नाही... मग एवढा आवेश कशासाठी?

परवा परदेशातल्या नातीने व्हिडिओ कॉलवर असेच काहीसे विचारले. तिने फेरेट पाळले आहे. साधारण आपल्या मुंगसाच्या चणीचा, लांबुडका, चपळ प्राणी. वाटीतले खाणे सोडून ते तिचे मोजे पळवते आणि सोफ्याखाली साठवते, म्हणून तिने त्याला चोर ठरवले होते. मी तिला म्हटले, चोर हा माणसांचा शब्द आहे. असाच एक चुकीचा शब्द एकदा माझ्या आत्याच्या लग्नाच्या आड आला होता.

ही गोष्ट निजामाच्या राजवटीतली, सत्तेचाळीस साल उजाडण्याच्या जरा आधीची. आम्ही हिंगोलीत राहत होतो, वडील कचेरीत कारकून होते. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन.

आमच्या घरी बिजली नावाचे मुंगूस होते. शेताच्या बांधावर सापडले तेव्हा पुरते डोळेही न उघडलेले पिल्लू होते ते. आत्याने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून त्याला वाढवले. बिजली मोकळी हिंडायची, भिंतीपलीकडे खातूनबींच्या अंगणातही जायची.

आत्याला विसावे सरत आले होते. दोन स्थळे फिरली होती, आणि वडिलांची झोप उडाली होती. तिसरे स्थळ जवळच्याच हट्टा गावचे. मुलाने होकार दिला होता, आता फक्त सुपारी फुटायची राहिली होती. आमच्याकडे लग्न पक्के झाले की 'सुपारी फुटली' असे म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

ओसरीवर पाट मांडला, तांदळाच्या राशीवर गणपती म्हणून सुपारी ठेवली. मुलाचे मोठे काका हात जोडणार, एवढ्यात बिजली आली. तिने ती सुपारी पुढच्या पायांत धरली, दगडी पायरीकडे पाठ केली आणि मागच्या दोन पायांमधून सुपारी पायरीवर भिरकावली. एकदा नव्हे, तीनदा...

काकांनी टोपी नीट केली आणि ते उठले. "देवाला पाठ दाखवून फेकली तिनं. आज सुपारी फुटनार न्हाई. उद्याचंबी सांगता येत न्हाई."

हे स्थळ गेले असते, तर 'देवाने नाकारलेली मुलगी' हा शिक्का आत्याला जन्मभर पुरला असता.

खातूनबी मदतीला म्हणून दारात उभ्या होत्या. त्या पदर सावरत पुढे आल्या. "भाऊसाब, देवाला काहून मधी आणता? अंडं समजली ती. माझ्या कोंबडीची अंडी बराबर अशीच फोडून राहिली, दोन महिने झाले."

आमचे घर पूर्ण शाकाहारी. बिजली दूधभातावर वाढते, अशी वडिलांची ठाम समजूत होती. त्यांनी आईकडे पाहिले, आईने चुलीकडे. तिला सगळे माहीत होते, हे मला तिथेच कळले.

काकांना मात्र ते पटले नाही. अंडे अंड्याच्या जागी, ही देवाची सुपारी होती, असे त्यांचे म्हणणे. आणि खरे सांगते, ती शंका रास्त होती. नुसत्या 'असेल' म्हणण्याने ती मिटणार नव्हती.

तेव्हा मान खाली घालून बसलेली आत्या उठली. नवऱ्या मुलीने उठायचे नसते... पण ती उठली. तिने पूजेच्याच ताटातले एक लांबट हळकुंड आणले आणि बिजलीपुढे ठेवले. बिजलीने ते हुंगले आणि सोडून दिले. मग आत्या काकांपुढे हात पसरून म्हणाली, "तुमच्या चंचीतली एक सुपारी द्या. ती तर देवाची न्हाई ना?"

काकांनी पानाच्या चंचीतली सुपारी काढून दिली. बिजलीने ती घेतली, पायरीकडे पाठ केली... आणि टण्!

पुढे प्राणिशास्त्र शिकताना मला याचे कारण समजले. गोल, गुळगुळीत अंडे मुंगसाला सहज चावता येत नाही, म्हणून ते कठीण वस्तूवर आपटून फोडते. तसे फेकायचे तर पाठ फिरवावीच लागते. ही हालचाल त्याला कोणी शिकवत नाही. योग्य आकार पंजात आला की ती आपोआप सुरू होते, पोट भरलेले असो वा नसो. नातीच्या फेरेटचे मोजे साठवणेही असेच.

काका वाकून ती सुपारी उचलून उभे राहिले. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या चंचीलाबी पाठ दाखवली. मंग देवानं एकट्यानं कशाला राग धरायचा?" ते पुन्हा पाटापाशी बसले. "सुपारी फोडायला तुमच्या मुंगसानं सुरुवात केलीच हाय. बसा, पुरी करून टाकू."

आत्याचा संसार पन्नास वर्षे झाला. मी पुढे वर्गात असंख्य प्रयोग केले आणि करवून घेतले. पण एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, हे मी त्या ओसरीवर आत्याकडून शिकले. तिचे हे ऋण मी आनंदाने मिरवते.

आज मुंगूस पाळणे कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो मोह नको. घरात मांजर असेल तर एवढे करा... ते जेवून उठले की दोऱ्याला कागदाचा बोळा बांधा. आधी तो जमिनीवरून मांजराच्या दिशेने ओढा. मग तोच बोळा, त्याच वेगाने, मांजरापासून दूर ओढा. झडप कोणत्या वेळी पडते, ते स्वतः पाहा; भक्ष्य कधी आपणहून अंगावर येत नाही, दूर पळते, एवढे ध्यानात ठेवा.