चूक सांगायची ती मडावी ब्रदरलाच!

सरकारी हॉस्पिटलात कापूस संपतो, सलाइन संपतं, माणसाचा धीरही संपतो. किस्से मात्र संपत नाहीत. ड्युटी बदलताना दोन सिस्टर घटकाभर बोलल्या की एक नवा किस्सा तयार! माझ्याकडे तर पोतंभर साठलेत. वाईट एवढंच वाटतं, की त्यातले निम्मे एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस मी नाही.

तो माणूस म्हणजे मडावी ब्रदर. मी फिमेल वार्डाची इंचार्ज सिस्टर, तो समोरच्या मेल वार्डाचा इंचार्ज. मध्ये फक्त एक व्हरांडा. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, माझी नोकरी अजून बाकी आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्हीकडचे पेशंट आमच्याकडे येतात, एवढं पुरे.

मी त्याला सीनियर. वार्ड माझा चकाचक, चादरी माझ्या ताठ. तरी सगळ्यांचा जीव त्याच्यावर! मला याचा हेवा वाटतो. वाटायचा नाही, वाटतो. खोटं कशाला बोलू?

* * *

आमच्याकडे नागपूरहून एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या. पेशंटच्या सुरक्षिततेची जाणीव हॉस्पिटलातल्या माणसांत किती मुरली आहे, ते त्यांना तपासायचं होतं. चूक झाली तर लोक सांगतात की लपवतात, एकमेकांना टोकतात की गप्प बसतात, असले प्रश्न. कोणाचं नाव बाहेर जाणार नाही, असंही त्यांनी सांगितलं होतं.

आदल्या दिवशी मी माझ्या वार्डातल्या सगळ्यांची तयारी करून घेतली.

"आपल्या वार्डात चुका होतात का?"

"नाई जी!" सगळे एका सुरात.

मी खूश. दुसऱ्या दिवशी पहिला नंबर सुमनबाईंचा. सुमनबाई आमच्या वार्डात साफसफाई करतात. मी पडद्यामागे सलाइनचे स्टँड पुसत होते. पुसत होते म्हणजे ऐकत होते.

"काही चूक झाली, तर तुम्ही कोणाला सांगता?" मॅडमनी विचारलं.

"मडावी भाऊले."

"पण तुम्ही तर फिमेल वार्डात आहात ना?"

"हो जी. म्हणूनच तं एवढं चालत जा लागते!"

* * *

सुमनबाईंचं सोडा. नेहा तर माझी स्वतःची शिकवलेली पोरगी. नवीन सिस्टर, हात हलका, सुई टोचलेली पेशंटला कळत नाही. तिने एकदा एका बाईची तापाची गोळी शेजारच्या बाईला दिली. गोळी साधीच होती, काही झालं नाही. पण ती रडत रडत कुठे गेली? व्हरांडा ओलांडून!

थोड्या वेळाने मडावी तिला घेऊन माझ्या टेबलापुढे हजर. पुढे तो, त्याच्या पाठीमागे ती.

"तू त्याच्याकडे काऊन गेली? मी का मेली होती का इथी?" मी तिला विचारलं.

ती मडावीच्या आणखी मागे सरकली. शेवटी मडावीच बोलला, "मॅडम, तिनं सांगितलं तं मी पहिले इचारलं, पेशंट कसा हाये. तुमी काय इचारलं असतं?"

मी काय विचारलं असतं, ते वार्डातल्या सगळ्यांना पाठ होतं. खाटेवरची एक म्हातारी पडल्या पडल्या म्हणाली, "कोणं केलं हे?"

आवाजसुद्धा अगदी माझ्यासारखा काढला हो!

* * *

माणसं कमी पडली की आमचे मोठे साहेब, म्हणजे मेडिकल सुपरिंटेंडेंट, मडावीला माझ्या वार्डात पाठवतात. माझ्या वार्डात! त्या दिवशी दोन कमलाबाई शेजारी शेजारी होत्या. एकीला इंजेक्शन द्यायचं होतं, दुसरीला नाही.

आता आमच्याकडच्या बायांचा एक स्वभाव आहे. "तुम्ही कमलाबाई का?" म्हटलं तर हो. "शांताबाई का?" म्हटलं तरी हो! एवढी पांढऱ्या कपड्यातली सिस्टर विचारते आहे, तिला नाही कसं म्हणायचं? म्हणून नाव आपण सांगायचं नाही, पेशंटकडून वदवून घ्यायचं, असा नियम. पण दोघी कमलाबाईच. नवऱ्याचं नाव विचारलं तर दोघींनी पदर तोंडाला लावला.

"त्याइचं नाव कसं घेऊ जी?"

मी असते तर केस पेपर आपटला असता. मडावी म्हणाला, "मंग उखाण्यात घ्या!"

पहिली कमलाबाई खाटेवर नीट बसली, डोक्यावर पदर घेतला आणि सुरू झाली:

"धानाच्या बांधीत पाणी वाहे झुळूझुळू,
डोमाजीरावाचं नाव घेते, सुई टोचा हळूहळू!"

वार्डात टाळ्या! नाव पक्कं झालं, योग्य बाईला योग्य इंजेक्शन मिळालं. मी दारात उभी राहून बघत होते. माझ्या हातून इंजेक्शन घेताना याच बाया देवाचा धावा करतात.

तेवढ्यात कोपऱ्यातून दुसरी कमलाबाई ओरडली, "भाऊ, मले बी द्या ना इंजेक्शन! मले याच्यापेक्षा चांगला उखाना येते!"

* * *

पेशंट खाटेवरून पडणे हा आमच्याकडचा जुना त्रास. जंगलातल्या गावांतली म्हातारी माणसं, जन्मभर जमिनीवर झोपलेली. लोखंडी उंच खाटेवर झोपवलं की झोपेत कूस बदलतात आणि धप्प!

यावर उपाय मी काढला होता, हे नोंदवून ठेवा. वरपर्यंत पत्रं लिहून, साहेबांच्या मागे लागून मी खाटांना कठडे बसवून घेतले. माझं नाव होईल असं वाटलं होतं. झालं काय? म्हातारे कठड्यावर चढून उतरायला लागले. आधी खाटेवरून पडायचे, आता कठड्यावरून!

मडावीने काय केलं? अशा आजोबांच्या गाद्या सरळ खाली घातल्या. वरचे एक अधिकारी तपासणीला आले, तेव्हा मी मनात म्हटलं, आता सापडला. त्यांनी जमिनीवरचे पेशंट पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? खाटा असताना पेशंट खाली?"

"साहेब, जमिनीवरून कुठी पडन जी माणूस?" मडावी म्हणाला.

अधिकारी हसले. सोबतच्या माणसाला म्हणाले, "हे लिहून घ्या." माझ्या कठड्यांना त्यांनी हातही लावून बघितला नाही. मी तर आदल्या दिवशी रंग देऊन घेतला होता!

* * *

मग त्याने चहा सुरू केला. जो आपली चूक आपण होऊन सांगेल, त्याला गेटबाहेरच्या टपरीवर मडावीकडून एक कप चहा. तिथे बसून चूक कशी झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, यावर बोलायचं. डॉक्टरांपासून सगळे जायला लागले. टपरीवाला आता मडावीला पाहिलं की विचारतो, "आज कोण चुकलं?"

एक दिवस आमच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर टपरीवर आला आणि डोकं खाजवत उभा राहिला.

"भाऊ, चूक तं नाई झाली. पण ऑक्सिजनची टाकी रिकामी हाये हे निघता निघता दिसलं. होता होता वाचली. अर्धा कप बसते का?"

बसला! तेव्हापासून झालेली चूक म्हणजे फुल कप आणि होता होता वाचलेली म्हणजे कटिंग. नागपूरच्या मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांना कोण आनंद! "मोठमोठ्या हॉस्पिटलांत लोक होता होता वाचलेलं सांगत नाहीत हो!" असं म्हणून त्यांनी स्वतः टपरीवर चहा घेतला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मीपण सुरू केलं. चहा आणि वर बिस्किटं! वार्डातल्या माझ्या टेबलावर थर्मास भरून ठेवला. दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. चहा काळा पडला.

शेवटी एक वार्डबॉय आला. इकडेतिकडे बघून खुर्चीवर बसला. मला इतका आनंद झाला की मी त्याला आधीच कप भरून दिला.

"सांग बापा, घाबरू नको. काय चूक झाली?"

तो बिस्किट बुडवत म्हणाला, "माही नाई जी. सुमनबाईची!"

* * *

मॅडमच्या तपासणीचा निकाल सांगायला साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. मी इस्त्रीची साडी नेसून पुढच्या खुर्चीवर. माझ्या वार्डातून चुकांची एकही नोंद नव्हती, मडावीच्या वार्डातून ढीगभर. आता तरी दूध का दूध होईल, अशी माझी खात्री होती.

नागपूरच्या मॅडम म्हणाल्या, "जिथे एकही चूक कळत नाही, त्या वार्डाची मला जास्त काळजी वाटते. चुका तर सगळीकडे होतात. तिथे त्या सांगायची भीती वाटत असेल." आणि मग मेल वार्डासाठी टाळ्या! ज्याच्याकडे जास्त चुका, त्यालाच टाळ्या! मीपण वाजवल्या. हात वाजत होते, आतून आग होत होती.

मडावी मान खाली घालून बसला होता. तेही त्याला शोभून दिसत होतं, त्याचा वेगळा राग आला.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. जेवताना रडूच आलं मला. म्हटलं, "आपली चूक सांगायला माझ्याकडे एकही माणूस येत नाही. एवढी वाईट आहे का मी? उद्या माझ्या वार्डात कोणी कोणाला भलतंच औषध देईल आणि माझ्या भीतीने तोंड उघडणार नाही. मग एखादी बाई जिवानिशी जाईल ना हो!"

नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला. मग माझ्या ताटात भात वाढत म्हणाला, "मी सांगू का एक चूक? ते तुह्या भावाले उसनं कपाट दिलं ना मी, ते उसनं दिलं नाई, इकलं!"

* * *

आता हा शेवटचा. हा मी अजून कोणाला सांगितलेला नाही, तुम्हीही कुठे बोलू नका.

त्या दिवशी मडावी चुकला. शुगरच्या एका आजोबांना त्याने जेवणाच्या वेळी इन्सुलिन दिलं. इन्सुलिन दिलं की लगेच पोटात अन्न पडावं लागतं. आजोबा जेवायला बसणारच, असं तो धरून चालला. पण घरून डबाच आला नव्हता. आजोबांची शुगर घसरली, घामाने अंग भिजलं, ते भलतंच बरळायला लागले. मडावीनेच ओळखलं, धावत जाऊन ग्लुकोज दिलं. आजोबा सावरले आणि उठून बसले. जिवावर बेतलं होतं, पण निभावलं.

ही बातमी व्हरांडा ओलांडून माझ्याकडे आली, तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. आधी धस्स झालं. आजोबा ठीक आहेत कळल्यावर, देवा, गुदगुल्या झाल्या! आता बघू म्हटलं, लोक काय म्हणतात.

लोक म्हणाले, "बिचारा मडावी!" त्याने सगळ्यांसमोर चूक कबूल केली म्हणून आमच्या डॉक्टरांना गहिवरून आलं. आजोबांच्या बायकोने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. चुकला तरी कौतुक याचंच!

दुपारी मी केस पेपर लिहीत होते. समोर सावली पडली. वर बघते तर मडावी.

"मॅडम, माही चूक झाली. सांगाले आलो."

"मला?" मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. "अरे, सगळ्या हॉस्पिटलाला माहीत आहे."

"मी तुमाले नाई ना सांगितलं."

आणि त्याने सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, काही न गाळता. ऐकता ऐकता माझं डोकं जे तापलं ते तापलंच! मी उभी राहिले. "उपाशी माणसाले इन्सुलिन देते का कोणी? डबा आला का नाई हे पाहाले डोळे नाई का तुले? म्हातारा गेला असता तं त्याच्या बायकोले काय तोंड दाखवलं असतं?" तोंडाला येईल ते बोलले. इतक्या वर्षांचं सगळं साठलेलं त्यात आलं. खाटांवरच्या बाया उठून बसल्या, नेहाने ट्रे खाली ठेवला.

तो मान खाली घालून ऐकत होता. माझाच श्वास संपला, तेव्हा मी थांबले. तो हललाच नाही.

"झालं माझं," मी म्हटलं. "आता उभा काऊन आहेस?"

मडावीने डोळे पुसले.

"सकाळपासून सारे मले माफच करून राह्यले जी," तो म्हणाला. "पेशंटनं केलं, त्याच्या बायकोनं केलं, डॉक्टर साहेबानं चहा पाजला. असं कसं चालन, ताई? तुमी अजून थोडं रागवा."