आमच्या तालमीतला बंदूकवाला

तालमीतले किस्से आखाड्यातल्या मातीसारखे असतात. कितीही आंघोळ करा, थोडी माती कानात राहतेच! जुने दोस्त भेटले, चहा आला, की कुणीतरी म्हणतं, "मास्तरांचा बंदूकवाला आठवतोय का रं?" मग कुणाचाच पाय घराकडे वळत नाही.

इंग्रज गेले होते, कोल्हापूर संस्थान विलीन झालं होतं आणि आमच्या पेठेतल्या तालमीवर राज्य होतं अमेरिकेतल्या एका बंदूकवाल्याचं! मी तिथं जोर मारायला जायचो. पैलवान काही झालो नाही, पण ऐकलं मात्र सगळं.

* * *

सुरुवात झाली खांद्यापासून. देसाई मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. अंगानं काडी. सायकलवरून पडले, खांदा निखळला आणि आमच्या वस्तादांकडे आले. हाड बसवायला तेव्हा अख्खी पेठ तालमीतच यायची.

वस्ताद तेल लावून खांदा चोळत होते आणि मास्तर कळ विसरायला पुस्तक वाचत होते. गोरे सोल्जर जाताना टाकून गेलेली असली पातळ पुस्तकं रद्दीत मिळायची. वर घोडा, मोठी टोपी आणि पिस्तूल. मास्तर एकदम ओरडले, "अरे बापरे!"

"दुखलं व्हय?"

"नाही हो! हा एकटाच गावात आलाय आणि रस्त्यात पाच जण पिस्तुलं घेऊन उभे आहेत."

वस्तादांचा हात थांबला. "मग?"

मास्तर तिथल्या तिथं मराठी करून सांगायला लागले. जोर मारणारे उठून बसले, कुस्तीत गुंतलेले सुटले. आठवडाभर हेच चाललं. मग खांदा बरा झाला आणि मास्तर म्हणाले, "उद्यापासून येत नाही."

वस्ताद दारात आडवे उभे राहिले. "खांदा तुमचा असंल मास्तर, पर बरा झाला का न्हाय ते मी ठरवनार!"

तो खांदा पुढं कितीतरी वर्षं बरा झाला नाही.

* * *

पैलवानांचा पहिला प्रश्न होता, "त्येचा खुराक काय?"

मास्तरांनी पानं चाळली. "उकडलेला घेवडा. आणि बिनदुधाची कॉफी."

"गुरं राखतोय म्हनलासा न्हवं? हजारभर?"

"हो."

"आन दूध न्हाय?"

"थेंबही नाही."

रोज सकाळी दूधकट्ट्यावर म्हशीखाली चरवी लावून धारोष्ण दूध पिणारी ही मंडळी. वस्तादांनी एकेकाकडे बघितलं. "घेवड्यावर पाच मानसं लोळवली त्येनं! आन तुमी बदाम खाऊन बी धापा टाकताय!"

सगळ्यात खूश झाला श्रीपाल. हा शिरोळकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. "मटन न खाता कसली रं कुस्ती?" म्हणून सगळे त्याला छळायचे. त्याला अमेरिकेत आपला माणूस सापडला! दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात वाडगाभर घेवडा.

पुस्तकात पानोपानी डुकराचं मांसही होतं, हे मास्तरांनी मला फार उशिरा सांगितलं. श्रीपालला कधीच नाही!

खरं तर त्याला आधाराची गरजच होती. मोठ्या मैदानातल्या लागोपाठ दोन कुस्त्या तो हरला होता. त्याच्या वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्या सांगून गेले होते, "चैताच्या मैदानात पडलास तर गाडीत बसायचं आन तमाकूच्या रानात यायचं. परत तालमीचं नाव न्हाय." आणि श्रीपालला तर आखाड्याशिवाय झोपसुद्धा लागत नसे.

* * *

बंदूकवाल्याचा एक नेम होता. पिस्तूल आधी तो कधीच काढायचा नाही. समोरच्यानं पिस्तुलाला हात घातला की मगच! हे ऐकून आम्ही भारावून गेलो. एवढा भरवसा स्वतःच्या हातावर!

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी सरावाला जोडी सोडली. दोघंही कमरेपाशी हात धरून, डोळे बारीक करून उभे. कोणी हलेना. शेवटी वस्तादांची काठी आपटली. "लगीन लावताय काय रं? अंतरपाट धरू?"

दोघं एका सुरात म्हणाले, "आधी त्येनं धरायचं की!"

* * *

पुस्तक संपताना, जिचा मळा त्यानं वाचवला ती विधवा बंदूकवाल्याला म्हणते, राहा इथंच. तो टोपी उचलतो, घोड्यावर बसतो आणि मागं न बघता निघून जातो.

मास्तरांना वाटलं, पोरं हळहळतील. वस्ताद उठले, कोनाड्यातल्या मारुतीपुढं गेले आणि त्यांनी हात जोडले. "लंगोटाचा पक्का हाय!"

* * *

चैत्रातल्या मैदानाच्या आदल्या संध्याकाळी मास्तर त्याच बंदूकवाल्याचं नवं पुस्तक वाचत होते. भर रस्त्यात दुष्टाचं पिस्तूल हातातून निसटून धुळीत पडतं. बंदूकवाला गोळी घालत नाही. आपलं पिस्तूल खाली करतो आणि एवढंच म्हणतो, "उचल."

वस्तादांनी तिथंच थांबवलं. पैलवानांना लवकर झोपायचं होतं.

मैदानात श्रीपालसमोर सांगलीचा आडदांड गडी होता. तात्या पुढच्याच रांगेत बसले होते. श्रीपालनं असा काही पट काढला की गडी तोंडावर मातीत गेला! मानेवर घुटना, बगलेत हात. आता नुसतं उलथायचं राहिलं होतं. तेवढ्यात गड्याच्या डोळ्यांत माती गेली आणि तो हात सोडून डोळे चोळायला लागला.

श्रीपाल बाजूला झाला. चार पावलं मागं सरला आणि म्हणाला, "उचल."

तो बिचारा आंधळ्यासारखा माती चाचपत म्हणाला, "काय उचलू?"

मैदान हसलं. पंचांनी पाणी आणलं. गड्यानं डोळे धुतले. पुन्हा सलामी झाली आणि त्यानं ढाक मारून श्रीपालला चीत केलं.

संध्याकाळी तात्यांची बैलगाडी तालमीच्या दारात उभी राहिली. श्रीपालनं वळकटी काखेत मारली. वस्ताद भिंतीकडं तोंड करून बसले होते.

ते "उचल" मास्तरांच्या पुस्तकातलं, हे तात्यांना मैदानातच कुणीतरी सांगितलं होतं. ते चाबूक घेऊनच आत आले. "मास्तर, हातात आल्याला गडी सोडायला माझ्या पोराला तुमी शिकीवलंसा?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. तो रस्ता, ती धूळ, पडलेलं पिस्तूल, "उचल" हा शब्द. तात्या उभ्यानंच ऐकत होते.

"मग? उचललं का त्येनं?"

"ते... ते अजून वाचायचं राहिलंय."

तात्यांनी पोराकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं आणि ते बाहेर गेले. श्रीपालही मान खाली घालून निघाला.

बाहेर घुंगरं वाजली. तात्या बैल सोडत होते.

"वळकटी ठेव आन ह्यास्नी वैरन टाक," त्यांनी श्रीपालला सांगितलं. मग आत आले, चाबूक कोपऱ्यात उभा केला आणि मास्तरांसमोर मांडी घालून बसले.

"वाचा."