नारळाएवढी वीज

चार वाजता ग्रामसभेत खाणीविरुद्धचा ठराव यायचा होता आणि आमची प्रचाराची जीप तालुक्याच्या गावातच बंद पडली. "महिन्याभरात नवी बॅटरी मेली! सरळ लूट आहे ही," मी ओरडलो. गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या रेहानाताई म्हणाल्या, "बॅटरीला शिव्या देऊ नका. ती बिचारी उपाशी आहे."

दुसऱ्या बॅटरीचा आधार देऊन त्यांनी इंजिन सुरू केलं. आमच्या बॅटरीवर मीटर जेमतेम बारा व्होल्ट दाखवत होता. मग त्यांनी मीटरच्या तारा इंजिनाशेजारच्या, वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या नटाला लावल्या. चौदा! "वीज बनतेय, पण पोचत नाहीये."

मी वाकून बघतच राहिलो. पट्ट्यावर फिरणारी नारळाएवढी वस्तू. तिच्या पोटात चुंबक गरगरतो आणि नुसत्या फिरण्यातून वीज जन्मते. ना धूर, ना ठिणगी. आमच्या आवाजात ताकद आहे, असं मी प्रत्येक चौकात छाती ठोकून सांगितलं होतं. भोंग्यातली ती ताकद हा नारळ मुकाट्याने पुरवत होता आणि मी त्याच्याकडे कधी वळूनही पाहिलं नव्हतं. दोषी तेवढा आधीच ठरवून मोकळा झालो होतो.

"या नटाखाली भोंग्याची वायर कुणी घुसडली? ढिला होऊन काळा पडलाय."

"आम्हीच."

"मग एक पत्रक स्वतःविरुद्धही काढा, भाऊ."

इंजिन बंद करून त्यांनी नट घासला, आवळला. जीप पुन्हा सुरू झाली. बॅटरीवरचा आकडा चढू लागला: तेरा, साडेतेरा, चौदा. सभेला पाऊण तास उरला होता, सोबतचे हाका मारत होते, आणि मला तिथून हलवेना.