ओवीने खाल्लेली भिंत

बातमीदाराच्या वहीत पुढच्या पानांवर बातम्या असतात आणि मागच्या पानांवर किस्से. बातम्या छापून येतात, दुसऱ्या दिवशी त्यांत वडे बांधले जातात. किस्से कुणी मागत नाही, म्हणून ते साचत जातात. निघोज्याची एक अंगणवाडी माझ्या वहीत अशी साचलीय, की आता वही उलटीच धरावी लागते!

तिथे मी गेलो होतो भांडायला. लहान मुलांचं रक्तवाढीचं औषध मुलांच्या पोटात जातं की नुसतं कागदावर, हे बघायला. तीस वर्षं या कारखान्यांच्या पट्ट्यात बातम्या केल्या. कंपनीच्या गेटवर हिरवंगार लॉन आणि समोरच्या खोल्यांत पांढुरक्या ओठांची पोरं, हे बघून माझं डोकं अजूनही फिरतं. दारातूनच ओरडलो, "इथं जबाबदार कोण?"

मदतनीस राधाबाई खिचडी ढवळत होत्या. वर न बघता त्यांनी लिंबांची पाटी माझ्यापुढे सरकवली. "मी बी हाय, तुमी बी हाय. पिळा. बिया पडू देऊ नका."

सेविका शैलाताई म्हणाल्या, "लिंबू असलं की जेवणातलं लोह अंगी लागतं, साहेब. प्रश्न विचारा, पण हात चालू ठेवा."

मुलाखत तशीच झाली. त्या पानावर अजून डाग आहेत.

*

ओवीची ओळख तिच्या घरमालकाने करून दिली. आबा गावचे जुने, त्यांच्या दहा खोल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या. एक दिवस तणतणत अंगणवाडीत आले. "ताई, त्या गणेशची पोरगी माझी भिंत खातीय!"

मला वाटलं, रागाने काहीतरी बोलतायत. बघायला गेलो तर खरंच! दारामागे, चार वर्षांच्या पोरीचं तोंड पोचेल तेवढ्या उंचीवर, गिलाव्यात खड्डा. समोर ओवी, हनुवटीला चुना.

आबा तडकले, "घरात खायला न्हाई व्हय रं?" गणेशची मान खाली.

शैलाताईंनी ओवीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नावाला नव्हती. "आबा, ही खोडी नाही. अंगात रक्त कमी असलं की काही पोरांना माती खावीशी वाटते." आरोग्य केंद्रात तपासलं, तर हिमोग्लोबिन सात, हवं अकरा. डॉक्टर म्हणाले, औषध आणि आहार नीट द्या. नाही वाढलं तर भरती करावं लागेल.

आबांनी आपली मुदत वेगळी दिली. "दोन महिनं. भिंत खायची थांबली न्हाई, तर खोली रिकामी करायची."

परत येताना शैलाताई म्हणाल्या, "खोली गेली तर हे लातूरला परत जाणार. मग औषधामागे कोण लागणार?"

*

गणेश एका कंपनीत क्वालिटीला, माल तपासायला. चौथ्या दिवशी मोबाइल नाचवत आला. "ताई, औषधात प्रॉब्लेम आहे! आउटपुट काळं येतंय. मी लॉट होल्डवर टाकलाय, डोस बंद."

आणि त्याने फोटो दाखवला. शैलाताईंना, राधाबाईंना आणि हातात पोह्यांची बशी असलेल्या मलाही!

"अहो, लोह पोटात गेलं की शी काळी होते! होल्ड काढा आधी."

"हे आधी सांगायला हवं होतं, ताई."

"तीनदा सांगितलं. तुम्ही तेव्हा बाटलीवरची एक्सपायरी तपासत होता!"

*

मग आठ दिवसांनी पाहिलं, तर बाटली जशीच्या तशी. गणेश फर्स्ट शिफ्टला, बायको रेखा सेकंडला. त्याला वाटायचं तिने दिलं, तिला वाटायचं त्याने दिलं. पोरगी दोन शिफ्टच्या मधे कोरडी!

शैलाताईंनी दोघांना रविवारी गाठलं. "कंपनीत मशीन दुसऱ्याच्या ताब्यात देताना काय करता?"

"लॉगशीटवर सही."

"आणि पोरगी ताब्यात देताना?"

त्याच दिवशी खोलीच्या दाराला लॉगशीट लागली. तारीख, औषध, सही. खाली गणेशने स्वतःच्या अकलेने आणखी एक रकाना आखला, त्याचं काय ते पुढे.

*

शैलाताईंनी आयांना सांगितलं, पोरांना रोज गूळ-फुटाणे द्या आणि भाजी लोखंडी कढईत करा. गणेशने कढईचं मनावर घेतलं. चिखलीत मित्राचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. तिथून त्याने अंगणवाडीसाठी भली मोठी कढई बनवून आणली. निळीशार, आरशासारखी!

"पावडर कोटिंग मारलंय, ताई. दहा वर्षं गंजणार नाही."

राधाबाईंनी कढईवर नख वाजवून पाहिलं. "आरं, लोखंड पोरांच्या पोटात जायचं व्हतं. तू तर त्याला रेनकोट घातला!"

पुढच्या रविवारी काळीकुट्ट, साधी कढई आली. तिच्यातली शेवग्याच्या पाल्याची भाजी मी दोनदा मागून खाल्ली. निळ्या कढईत आता कोथिंबीर उगवते.

*

एक साहेब पाहणीला आले. त्यांना जेवणाऱ्या मुलांचा फोटो तिथल्या तिथे ॲपवर हवा होता. अंगणवाडीत रेंज नाही. रेंज पाण्याच्या टाकीखाली. साहेब म्हणाले, मुलांना तिकडे नेऊन बसवा.

माझ्या तोंडात शिवी आलीच होती. पण आधी राधाबाई बोलल्या. "सायेब, रेंज फोनला हवी ना? मग फोन जाऊ द्या टाकीखाली. पोरं जेवतात."

साहेब भर उन्हात एकटे टाकीखाली जाऊन उभे राहिले. पोरं जेवली.

*

दोन महिने संपले. ओवीचा रिपोर्ट आला होता, दहाच्या जवळ. शैलाताईंनी तो गणेशच्या खोलीत आबांपुढे धरला. आबा म्हणाले, "रगताचं मला कळत न्हाई. भिंत दावा."

गणेशने दारावरची लॉगशीट काढून दिली. शेवटचा रकाना होता 'भिंत'. दर रविवारी त्याने आपल्या व्हर्नियरने, कंपनीतल्या बारीक मापाच्या पट्टीने, खड्ड्याची खोली मोजून लिहिली होती. नऊ मिलिमीटर. अकरा. तेरा. चौदा. मग चौदा, चौदा, चौदा, चौदा.

आबांनी चष्मा लावून ओळीवरून बोट फिरवलं. "आता माझ्यासमोर मोज."

गणेशने व्हर्नियर आत घातला, बघितला, पुसला, पुन्हा घातला. "सहा?"

"वाढला का?"

"कमी झालाय, आबा. पण खड्डा कमी होईल कसा?"

आबांनी काडी घालून टोकरलं. आतून गुळाने चिकटलेला फुटाणा बाहेर पडला. मग दुसरा. मग तिसरा. सगळे ओवीकडे बघायला लागले.

ओवी स्वतःचा शेवटचा फुटाणा चावत होती. म्हणाली, "माझं झालं. आता भिंतीचं जेवण."

आबा गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले, तिन्ही फुटाणे उचलले, फुंकले आणि एकेक करून परत भिंतीत ठेवले.