हाडं वजा जाता

माझ्या बायकोच्या मामांच्या हातात देवाने जन्मतःच काटा बसवला होता, हे आमची अख्खी गल्ली शपथेवर सांगेल. बिद्रीकडे साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन करण्यात त्यांची हयात गेली. गाडी काट्यावर चढायच्या आधीच ते आकडा सांगायचे. निवृत्त होऊन कोल्हापुरात आले आणि वजन करायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी कोंबडी धरली. दर रविवारी चिकनच्या दुकानात एकेक तुकडा तळहातावर घेऊन डोळे मिटायचे. "छातीला हाड नावाला, म्हणून भाव चढा. तंगडीत चौथाई हाड, पण चव तितंच. पंख म्हंजे निम्मं हाड आन् कातडं. पाठीला मांस न्हाय, पण तिच्याबिगर रश्श्याला जीव न्हाय." जेवणं झाली की सगळ्यांच्या ताटांतली हाडं गोळा करून धुवायचे, परसात वाळवायचे आणि तराजूत घालायचे. मी नवा जावई असताना पहिल्याच जेवणानंतर ते शांतपणे म्हणाले, "पावणं, तंगडीच्या हाडाचं टोक कमी भरतंय." ते मी चावून खाल्लं होतं. सगळे हसले, मीही हसलो, पण मानेवर काटा आला तो आलाच.

पुढे हा हात कोंबडीपुरता राहिला नाही. दुकानातले चाचा एकदा पिशवी देत होते, तर मामांची बोटं त्यांच्या मनगटाभोवती मिटली. "चाचा, हाड हाय तेवढंच हाय. मांस उतरलंय. दाखवून घ्या." चाचा म्हणाले, "मी काय कोंबडी हाय व्हय मामा?" पण मामा हात सोडेनात, तसं त्यांचं हसू विरलं. पंधरा दिवसांनी तपासणीत टीबी निघाला. वेळेवर कळला म्हणून चाचा बरे झाले आणि मामांना दुवा देत राहिले. गल्ली मात्र धास्तावली. माणसं लांबूनच नमस्कार करू लागली. लग्नाकार्यात मामा दिसले की पुरुषांचे हात खिशात जायचे, बायकांचे पदराखाली, आणि भरल्या मांडवात त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या.

गेल्या वर्षी मामी वाळू लागल्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. विचारलं तर "उन्हाळा बाधलाय" म्हणायच्या. मामा छातीचे सगळे तुकडे त्यांच्या ताटात वाढायचे, स्वतः पाठ आणि मान चोखत बसायचे. पण पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांच्या हातात देत नसत. जमिनीवर ठेवायचे आणि मागे सरायचे. माझी बायको म्हणाली, "मामा, एकदा मामीचा हात धरून बघा की."

"न्हाय," मामा म्हणाले. "एकदा का मला कळलं, की ते खरं हुतंय."

एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मामींनीच आपला हात त्यांच्या हातात ठेवला. "बघा. किती दिस पळणार हाय तुमी?" मामांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो आम्हाला दिसत होता. मग ते म्हणाले, "मांस बी हाय तेवढंच हाय."

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मायेने म्हणाल्या, "चाळीस वर्सांत पैल्यांदाच खोटं माप मारलंसा."

दुसऱ्या दिवशी मामा त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी खूप केलं, पण मामी दोन महिन्यांत गेल्या.

आता मामा रविवारी आमच्याकडे जेवतात. कुठला तुकडा वाढू, असं बायकोने विचारलं तर म्हणतात, "कंचा बी घाल." हात सदऱ्याच्या खिशात ठेवून बसतात, कुणाला शिवत नाहीत. आमची चार वर्षांची मुलगी नुकतीच तापातून उठली होती. मागच्या खेपेला ती आपण होऊन त्यांच्या मांडीवर चढली. मामांनी दोन्ही हात वर उचलले आणि तसेच हवेत धरून बसले. ती खाली उतरेना. आम्ही दोघं दारातच थबकलो. मग त्यांनी डोळे मिटून हात हळूहळू खाली आणले, तिच्या काखेत घातले आणि तिला जरासं उचललं.

"जड झालीया की गं," ते म्हणाले, आणि तिला खाली ठेवायचं विसरून गेले.