सशाच्या कानामागची नागीण

मी एका जागी बसले असेन तर फक्त झोपेत, असं आई म्हणायची. त्या पावसाळ्यात पनवेलच्या घरात मला झोपेतही चैन नव्हतं.

वडिलांनी आणलेल्या पांढऱ्या सशाचे कानामागचे केस झडले. आत रुपयाएवढा गोल चट्टा, मधे कोरडा, कडेला लाल, कोंडा धरलेला. मिठागरावर कामाला जाणारी शेजारची काकू कुंपणावरून वाकून म्हणाली, "ही तं नागीन हाय. तोंडाला शेपूट लागली का जीव वाचत नाय." आईने खांद्यावरचा पदर मानेपर्यंत ओढून घेतला.

सशाचं वर्तुळ केव्हाच पुरं झालं होतं आणि तो खुशाल गवत खात होता. पण भीतीपुढे अक्कल कुठली चालते! माझ्या दंडावरही तसंच उमटलं होतं. न्हाणीघरात जाऊन मी सारखी बाही वर करून बघायची. टोकं जुळायला तांदळाच्या कणीएवढी जागा उरली होती.

त्यातच आईने मला भाकरी थापायला बसवलं. मला, एवढ्याशा मुलीला! ओरडायचीही नाही. "ह्यांना करपलेली चालत नाही, लक्षात ठेव," एवढंच. मी मनात चरफडत होते. मरायच्या आधी भाकऱ्या कसल्या शिकायच्या?

ससा खाजवून रक्त काढू लागला, तेव्हा आम्ही दोघी त्याला टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कडेचा कोंडा खरवडून पाहिला.

"नायटा आहे. नागीण अशी गोल नसते, तिला पाण्याचे फोड येतात. आणि तोंड-शेपूट जुळून कुणी मरत नाही. भोवतालचे केस कापा, मलम लावा, त्याला चाटू देऊ नका. त्याच्या खोक्यातलं गोणपाट जाळा, खोका उन्हात ठेवा. हात धुवत जा, माणसालाही लागतो हा."

मी बाही वर केली आणि भोकाड पसरलं. डॉक्टर हसले. आई हसली नाही. तिने खांद्यावरचा पदर जरा सरकवला. मानेखाली तसंच वर्तुळ होतं, पुरं जुळलेलं.

भाकऱ्या मला का शिकवत होती ते तिथे कळलं.

घरी आल्यावर तिने परात स्वतःकडे ओढली. "उद्यापासून भाकऱ्या मीच करीन. तू जा खेळायला."

मी गेले नाही. चुलीपाशी तिला चिकटून बसून राहिले.